बॅरलचे वजन, अंगाचा तोल

बल्लारपूरहून वर्धा नदीचा पूल ओलांडला की राजुरा तालुका सुरू होतो. एकीकडे सास्तीच्या कोळसा खाणी, पुढे गडचांदूरचे सिमेंट कारखाने, दक्षिणेला माणिकगड आणि जिवतीचे डोंगर. एकेकाळी निजामाच्या राज्यात असलेला हा भाग आजही चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याच्या काठावर उभा आहे. या पट्ट्याला बंदूक परकी नाही. भद्रावतीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आहे. गडचिरोलीत पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-६० पथकाचे जवान रोज जीव मुठीत घेऊन जंगल तुडवतात. राजुरा तालुक्यात माणसे मारणाऱ्या आरटी-१ या वाघाने लोकांचे घराबाहेर पडणे मुश्किल केले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये वन विभागाने त्याला भूल देऊन पकडले. नेमका लागलेला एक नेम काय करू शकतो, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही खेळ म्हणून रायफल हातात घेणारी मुले इथे फारशी नाहीत. एनसीसीच्या कॅडेटला वर्षातून काही वेळा .२२ ची रायफल मिळते, तो लाइंग पोझिशनमध्ये (पालथे पडून) पाच गोळ्या झाडतो, ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या खुणांचा पुंजका, किती सेंटिमीटरचा आला ते मोजले जाते आणि रायफल परत शस्त्रागारात जमा होते. त्यातल्या एखाद्याचा ग्रुप घट्ट येतो आणि त्याच्या मनात या खेळात पुढे जायची इच्छा जागी होते. मग तो चौकशी करू लागतो, मोबाइलवर मोठ्या नेमबाजांच्या रायफली पाहतो आणि त्यांच्या जाडजूड बॅरल व तोंडाशी लावलेली वजने बघून एकाच प्रश्नाशी येऊन थांबतो: बॅरल जड घ्यावी की हलकी?

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरात धातूचे शास्त्र आहे, शरीराचे शास्त्र आहे आणि घरच्या पैशांचा हिशेबही आहे. म्हणून तो नीट उलगडायला हवा.

पॅरिसमधली शेवटची पंधरा मिनिटे

१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिम्पिकची नेमबाजी शातोरू येथे चालू होती. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे उभा होता. पात्रता फेरीत ५९० गुण मिळवून तो सातवा आला होता. अंतिम फेरीत आधी नीलिंग (गुडघ्यावर बसून), मग प्रोन (पालथे पडून) आणि शेवटी स्टँडिंग (उभे राहून). पहिल्या दोन पोझिशनपर्यंत तो पदकाच्या बाहेर होता. स्टँडिंगमध्ये तो वर सरकला आणि ४५१.४ गुणांवर कांस्यपदक त्याचे झाले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकले होते. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

पदक स्टँडिंगमध्ये आले, ही गोष्ट आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची आहे. प्रोनमध्ये रायफलचा भार दोन कोपरांवर आणि दंडाला बांधलेल्या स्लिंगवर असतो. नीलिंगमध्ये तो डाव्या गुडघ्यावर टेकलेल्या कोपरातून जमिनीत उतरतो. स्टँडिंगमध्ये मात्र स्लिंग नाही, जमीन दूर आहे, आणि आठ किलोपर्यंतची रायफल फक्त हाडांच्या रचनेवर तोलून धरायची असते. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकते, पाठ मागे आणि बाजूला कलते आणि रायफलचे वजन शरीराच्या मध्यरेषेवर आणले जाते. तीच रायफल, तीच बॅरल, पण तिन्ही पोझिशनमध्ये तिच्या वजनाचा अर्थ वेगळा होतो. म्हणूनच वरच्या दर्जाचे नेमबाज पोझिशन बदलताना दस्त्याची मांडणी बदलतात आणि अनेक जण वजनेही पुढेमागे सरकवतात.

नेमबाजीत महाराष्ट्राची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीतून सुरुवात केलेल्या अंजली भागवतने २००० साली सिडनी ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली आणि २००२ साली चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स हा मान मिळवला. अंजली, सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे या तिघी २००४ साली अथेन्सला होत्या, आणि सुमाने तिथे १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. दीपाली देशपांडे पुढे स्वप्नीलच्या प्रशिक्षक झाल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये ५९७ गुणांसह जागतिक विक्रमाची बरोबरी करून विश्वविजेतेपद जिंकले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झाला. या यादीत एनसीसीची कॅडेट आहे आणि खेड्यातला मुलगाही आहे. राजुऱ्याच्या कॅडेटने स्वतःला या यादीपासून दूर समजायचे कारण नाही.

जाड बॅरल काय देते

पहिली गोष्ट ताठरपणा. गोळी सुटते तेव्हा बॅरल थरथरते. डोळ्याला ते दिसत नाही, पण .२२ ची गोळी बॅरलमधून बाहेर पडायला साधारण अडीच-तीन सहस्रांश सेकंद घेते आणि तेवढ्या वेळात बॅरलचे तोंड वरखाली हलत असते. बॅरल जितकी ताठ, तितके हे हलणे कमी. गोल सळईचा ताठरपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, वजन मात्र फक्त वर्गाने वाढते.

आकडे मांडून पाहू. स्पर्धेच्या ५० मीटर रायफलची बॅरल साधारण ६९ सेंटिमीटर लांब धरली आणि जाडी २३ मिलिमीटर ठेवली, तर पोलादाच्या घनतेने तिचे वजन सुमारे २.१ किलो भरते. तीच बॅरल २० मिलिमीटर जाडीची केली तर वजन १.६ किलोच्या आसपास येते. म्हणजे तीन मिलिमीटर जाडीसाठी अर्धा किलो जास्त मोजावा लागतो आणि त्या बदल्यात पाऊणपट जास्त ताठरपणा मिळतो. निव्वळ धातूचा विचार केला तर जाड बॅरलचा सौदा फायद्याचा आहे.

पण ताठरपणा मिळवायचा दुसराही मार्ग आहे: बॅरल आखूड करणे. लांबी कमी केली की ताठरपणा तिसऱ्या घाताने वाढतो. २३ मिलिमीटरची बॅरल ६९ ऐवजी ६० सेंटिमीटर ठेवली तर ती दीडपट ताठ होते आणि तिचे वजनही पाव किलोने उतरते. .२२ च्या गोळीला लांब बॅरलची गरज नसते, कारण तिची थोडीशी दारू लवकर जळून संपते. मग माशी (नेमाची पुढची खूण) आणि मागचा पीप (डोळ्याजवळचे बारीक छिद्र) यांमधले अंतर राखण्यासाठी पुढे अॅल्युमिनियमची हलकी नळी बसवतात. आजच्या बऱ्याच स्पर्धेच्या रायफलींवर लांब दिसणाऱ्या बॅरलचा पुढचा भाग अशी पोकळ नळीच असते. त्यामुळे फोटोवरून बॅरलचे वजन ओळखायला जाऊ नये.

दुसरी गोष्ट धक्का. .२२ ची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची. ती बॅरलच्या तोंडापर्यंत जाईस्तोवर आठ किलोची रायफल मागे सरकते ती फक्त ०.२ मिलिमीटरच्या आसपास. एनसीसीची .२२ डीलक्स रायफल तीन किलोहूनही कमी वजनाची असते, ती त्याच वेळात जवळपास तिप्पट सरकते. म्हणून हलक्या रायफलवर खांदा, गाल आणि पकड यांत जरा फरक पडला की गोळी भरकटते. जड रायफल असे छोटे दोष पोटात घेते. कॅम्पमध्ये कॅडेटचा ग्रुप फुटतो तेव्हा त्यात रायफलच्या हलकेपणाचाही वाटा असतो, हे त्याला कोणीतरी सांगायला हवे.

तिसरी गोष्ट उष्णता. सैन्याच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसात तीन ग्रॅमच्या जवळपास दारू असते, .२२ च्या काडतुसात जेमतेम एक दशांश ग्रॅम. ३०० मीटरच्या मोठ्या रायफलला जाड बॅरल हवी, कारण पातळ बॅरल तापते, वाकते आणि गोळ्यांचा ग्रुप सरकू लागतो. .२२ मध्ये ही अडचण नगण्य आहे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो तेव्हा त्रास वेगळाच होतो. उन्हात ठेवलेली काळी बॅरल तापते, तिच्यावरची हवा लहरू लागते आणि निशाण पाण्यात बुडाल्यासारखे दिसते. त्यावर जाडी हा उपाय नाही. सावली आणि सकाळची वेळ हाच उपाय आहे.

पुढे लावलेले शंभर ग्रॅम

बॅरलच्या जाडीखेरीज वजनाचा दुसरा प्रकार म्हणजे बॅरलवर बसवायची सुटी वजने. पन्नास, शंभर, दोनशे ग्रॅमच्या या चकत्या किंवा पट्ट्या बॅरलवर हव्या तिथे सरकवून स्क्रूने आवळता येतात. त्यांचे काम समजून घ्यायला डोंबाऱ्याकडे पाहावे. दोरीवरून चालताना तो हातात लांब काठी धरतो, कारण मध्यापासून दूर असलेले वजन चटकन फिरत नाही आणि त्यामुळे त्याला तोल सावरायला वेळ मिळतो. रायफलचेही तसेच. वजनाचा हा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो. आधाराच्या हातापासून २० सेंटिमीटरवर लावलेल्या शंभर ग्रॅमचा जो परिणाम होतो, त्याच्या नऊपट परिणाम तेच शंभर ग्रॅम ६० सेंटिमीटरवर लावले की होतो. माशी निशाणावर संथ होते, थरथर विरते.

याची किंमतही आहे. पुढचे वजन डाव्या हाताला खाली ओढते आणि ते तोलायला शरीर मागे कलते. कंबरेच्या मणक्यांवर ताण येतो. पहिल्या दहा गोळ्यांत हे जाणवत नाही. चाळिसाव्या गोळीपर्यंत मात्र पाठ थकते, होल्ड, म्हणजे धरलेला नेम, खाली घसरू लागतो आणि नेमबाज तो स्नायूंच्या जोरावर वर उचलू पाहतो. हाडांवर उभी असलेली पोझिशन स्नायूंवर गेली की ती टिकत नाही. शिवाय संथ झालेली माशी चुकीच्या जागी गेली तर परत यायलाही संथच असते. ज्याला अजून नेम मध्यावर आणता येत नाही, त्याच्यासाठी पुढचे वजन म्हणजे चुकीच्या जागी स्थिर राहण्याची सोय ठरते.

.२२ मध्ये या वजनाचा आणखी एक बारीक उपयोग आहे. एकाच डब्यातल्या सगळ्या गोळ्या सारख्या वेगाने जात नाहीत. स्पर्धेची गोळी सेकंदाला ३२५ मीटरच्या आसपास जाते. एखादी दहा मीटरने मंद निघाली तर ५० मीटरवर ती सात-आठ मिलिमीटर खाली लागते. या निशाणावर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आहे, आणि गुणाचा प्रत्येक दशांश ०.८ मिलिमीटरचा. तेव्हा सात-आठ मिलिमीटर म्हणजे जवळपास पूर्ण एक गुण. बॅरलचे तोंड थरथरताना वर चढत असेल, त्या क्षणी गोळ्या बाहेर पडल्या, तर मंद गोळी किंचित उशिरा आणि म्हणून किंचित वरच्या कोनात निघते. तिची घट आपोआप भरून निघते. तोंडाशी वजन पुढेमागे करून हा मेळ साधता येतो. पण हे काम बाकावर घट्ट बसवलेल्या रायफलने, एकाच बॅचच्या गोळ्यांनी, शेकडो फैरी झाडून करायचे असते. ज्याच्याकडे गोळ्यांचा साठा मोजका आहे त्याने या मागे लागू नये. त्यापेक्षा आपल्या बॅरलला कोणत्या बॅचची गोळी मानवते हे शोधण्यात जास्त गुण आहेत. म्हणूनच जगभरचे नेमबाज गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यांच्या चाचणी केंद्रांवर स्वतःची बॅरल घेऊन जातात आणि चांगली ठरलेली बॅच वर्षभरासाठी उचलतात.

एअर रायफलमध्ये हिशेब वेगळा

राजुऱ्याच्या मुलामुलींची सुरुवात १० मीटर एअर रायफलनेच होणार, म्हणून हे नीट ध्यानात घ्यावे. एअर रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या जवळपास असतो, सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातो, आणि त्याला ढकलते ती दाबलेली हवा. दारू नाही, उष्णता नाही, बॅरलची थरथर नाममात्र. स्पर्धेच्या बहुतेक एअर रायफलमध्ये प्रत्यक्ष बॅरल आखूडच असते आणि पुढची नळी माशीचे अंतर राखण्यासाठी असते. जाड बॅरलने छर्रा अधिक अचूक जाईल असे इथे काही नाही. वजनाचे काम फक्त एक, ते म्हणजे अंगाशी तोल जुळवणे.

नियमाने एअर रायफलला साडेपाच किलोची आणि पुरुषांच्या ५० मीटर रायफलला आठ किलोची मर्यादा आहे. ही मर्यादा सगळ्या साहित्यासकट आहे. म्हणजे वजन हा ठरावीक रकमेचा खर्च आहे. बॅरलवर दोनशे ग्रॅम टाकले की दस्त्यातून, गालपट्टीतून किंवा बटमधून तेवढी मोकळीक कमी झाली. आणि मर्यादा गाठलीच पाहिजे असा नियम कुठेही नाही. पंधरा वर्षांच्या, चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाच्या मुलीने साडेपाच किलोची रायफल रोज दोन तास पेलण्यात शहाणपण नाही. वाढत्या वयात मणका आणि कंबर अजून घडत असतात. तिला साडेचार किलोच्या आतबाहेरची, हाताजवळ तोल असलेली रायफल जास्त गुण देईल आणि तिचे शरीरही राखेल.

निवड कशी करावी

आता मूळ प्रश्नाचे उत्तर क्रमाने देता येते.

एनसीसीतून आलेला नवा नेमबाज असेल तर बॅरलवर एकही सुटे वजन न लावता सुरुवात करावी. आधी दस्त्याची लांबी, गालपट्टीची उंची आणि बटचा कोन आपल्या अंगाला बसवून घ्यावा. मान ताठ ठेवून डोळा पीपच्या मागे आपसूक येत नसेल, तर बॅरलचे वजन बदलून काहीही साधणार नाही.

डोळे मिटून रायफल धरावी, दोन-तीन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. माशी निशाणावर आपोआप आलेली असेल तर पोझिशन बरोबर आहे. नसेल तर पाय सरकवावेत, हाताने ढकलू नये. हे रोज जमू लागल्यावरच वजनाचा विचार करावा.

मग एका वेळी पन्नास ते शंभर ग्रॅम, आणि एका वेळी एकच बदल. आधी वजन हाताजवळ लावावे, नंतर पुढे न्यावे. पाच गोळ्यांचा घट्ट ग्रुप पाहून निर्णय घेऊ नये, तसा ग्रुप योगायोगानेही येतो. तोच बदल किमान आठवडाभर ठेवावा आणि सत्राच्या शेवटच्या वीस गोळ्यांचा सरासरी गुण वहीत लिहावा. शेवटच्या वीस गोळ्या उतरल्या असतील तर वजन जास्त झाले. माशी झपाट्याने आडवी फिरत असेल तर थोडे पुढे न्यावे. माशी सतत खाली येत असेल तर वजन मागे घ्यावे किंवा काढावे.

.२२ ची रायफल घ्यायची वेळ आली तर बॅरलच्या जाडीआधी तिची स्थिती पाहावी. आतले पेच झिजले आहेत का, तोंडाची कड स्वच्छ आहे का, बॅरल पुढे दस्त्याला कुठे घासते का. बॅरलखाली कागदाची पट्टी सहज सरकली पाहिजे. लाकडी दस्ता विदर्भाच्या पावसाळ्यात फुगतो आणि बॅरलला चिकटतो, मग ग्रुप एका बाजूला जातो. तोंडाला खरचटलेली जाड बॅरल चांगल्या पातळ बॅरलपुढे हरते. फक्त प्रोन खेळणाऱ्याला जाड बॅरल चालेल. थ्री पोझिशन खेळणाऱ्याने मध्यम जाडीची, आखूड बॅरल घ्यावी आणि उरलेले वजन सरकवता येईल अशा चकत्यांत ठेवावे. ३०० मीटर खेळणाऱ्याला जाड बॅरलला पर्याय नाही.

राजुऱ्याला रेंज हवी

हे सगळे ज्ञान पुण्याच्या बालेवाडीत, मुंबईच्या वरळीत, कोल्हापुरात, नाशकात सहज मिळते. तिथे प्रशिक्षक आहेत, दहा प्रकारची वजने पडलेली आहेत, विकत घेण्याआधी लावून बघता येतात. राजुऱ्याहून बालेवाडी सातशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. त्यामुळे इथल्या मुलाला ऐकीव सल्ल्यावर, छायाचित्रे पाहून, घरचे पैसे घालून निवड करावी लागते. चूक झाली तर ती दुरुस्त करायला दुसरी रायफल नसते. माझा राग या असमानतेवर आहे. मुलांच्या नजरेत किंवा हिमतीत काही कमी नाही. मे २०१८ मध्ये याच चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. त्यांना साहित्य आणि प्रशिक्षण मिळाले, म्हणून ते शिखरावर पोहोचले.

नेमबाजीला त्याहून फार कमी लागते. १० मीटरच्या रेंजला एक लांबट, बंद, उजेडाची खोली पुरते. मागे छर्रे अडवणारी भक्कम भिंत, दारावर कुलूप आणि शिस्त पाळणारा प्रशिक्षक हवा. वीस ज्यूलच्या आतल्या .१७७ च्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या एअर रायफलची ताकद आठ ज्यूलच्या आसपासच असते. .२२ ला मात्र परवाना लागतो, आणि तो लागायलाच हवा. बल्लारपूरजवळ विसापूरला २०१९ पासून सैनिकी शाळा उभी आहे आणि तिथे तालुका क्रीडा संकुलही आहे. त्या परिसराचा उपयोग राजुरा, कोरपना, जिवती आणि गोंडपिपरीच्या मुलांना करून देता येईल. खाण आणि सिमेंट कंपन्यांनी त्यांच्या सामाजिक निधीतून चार सामाईक रायफली, दोन-तीन मापांची जॅकेट आणि वजनांचा एक संच दिला, तरी चाळीस मुले आळीपाळीने सराव करू शकतील. सामाईक रायफलचा मोठा फायदा असा की जड-हलक्याचा निर्णय मुलाला खिसा रिकामा न करता, स्वतःच्या अंगावर आजमावून घेता येतो.

पालकांना माझे सांगणे आहे की मुलगा जाड बॅरलची महाग रायफल मागत असेल तर घाई करू नका. आधी त्याला क्लबच्या रायफलवर एक वर्ष उभे राहू द्या आणि त्याची वही तपासा. जिल्हा क्रीडा अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि इथल्या उद्योगांकडे मागणी एकच आहे: राजुरा तालुक्यात एक १० मीटरची रेंज उभी करा आणि तिथे एक प्रशिक्षक नेमा. बॅरलचे योग्य वजन प्रत्येक मुलाच्या उंचीने, पाठीने आणि पोझिशनने ठरते, आणि ते ठरवायला त्याला नियमित सरावाची जागा लागते.